मिनॉक्सिडिल लावताय आणि चेहऱ्याला त्रास होतोय? या चुका टाळा

केस गळतायत म्हणून मिनॉक्सिडिल सुरू केलं, काही आठवडे झाले आणि आता कपाळ लाल, कानापाशी खाज, भुवयांच्या वर बारीक पुरळ, एखादीला गालावर लव वाढल्यासारखी वाटतेय. अशा वेळी बरेच जण घाबरून बाटली फेकून देतात, आणि बाकीचे "होईल सवय स्किनला" म्हणत तसंच लावत राहतात. दोन्ही बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण चेहऱ्यावरचा बराचसा त्रास लावायच्या पद्धतीतून किंवा बाटलीतल्या दुसऱ्याच एका घटकातून आलेला असतो आणि तो सुटण्यासारखा असतो. आणि जो थोडा त्रास खरंच औषधाचा असतो, त्यात थांबायचं कधी हे कळणं महत्त्वाचं असतं.

सगळ्यालाच "ॲलर्जी" म्हणणं

आधी बाटलीत काय असतं ते बघा. मिनॉक्सिडिल पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून सोल्युशनमध्ये अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. अल्कोहोल उडून जातं आणि जाताना त्वचा कोरडी करतं, प्रॉपिलीन ग्लायकॉल मात्र मागे राहतं, औषध आत शिरायला मदत करतं, आणि बऱ्याच जणांच्या खाजेचं, लालीचं कारण नेमकं तेच असतं.

लावल्यावर थोड्या वेळात चुरचुरतं, आग होते, त्वचा ओढल्यासारखी कोरडी होते, पापुद्रे निघतात, आणि हे सगळं जिथे सोल्युशन लागलं तेवढ्याच जागी, तर ते बहुतेक इरिटेशन. ॲलर्जी वेगळी दिसते. सुरुवातीचे दिवस किंवा आठवडे काहीच होत नाही आणि मग जोरात खाज, फुगलेले लाल चट्टे, कधी पाणी सुटतं, आणि जिथे थेंबही लावला नव्हता तिथेही पसरतं. पापण्यांची त्वचा फार पातळ असते, त्यामुळे टाळूला लावलेल्या गोष्टीची ॲलर्जी कित्येकदा आधी पापण्यांवर सुजेच्या रूपात दिसते आणि लोक काजळ बदलत बसतात.

इरिटेशन असेल तर फोमवर जाऊन बघण्यात अर्थ आहे, कारण 5% फोममध्ये साधारणपणे प्रॉपिलीन ग्लायकॉल नसतं (पण खोक्यावरचे घटक वाचूनच घ्या, प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं). ॲलर्जीचा संशय असेल तर स्वतः प्रयोग करू नका, स्किनच्या डॉक्टरकडे पॅच टेस्ट होते, पाठीवर पट्ट्या लावतात, त्या 48 तास ठेवतात आणि एक-दोन दिवसांनी परत तपासतात. त्यातून कळतं की ॲलर्जी प्रॉपिलीन ग्लायकॉलची आहे की मिनॉक्सिडिलचीच. पहिली असेल तर फोम चालू शकतो, पण हाच घटक क्रीम, डिओ, शाम्पूमध्येही असतो, तो तिथूनही काढावा लागतो. दुसरी असेल तर फोमसुद्धा चालणार नाही.

आणि हो, टाळूवर पांढरी पावडर दिसली की लगेच कोंडा समजू नका, सुकलेल्या मिनॉक्सिडिलचे कणही तसेच दिसतात. पण नाकाच्या बाजूला, भुवयांत, कानामागे पिवळट तेलकट पापुद्रे असतील तर तो सेबोरिक डर्मटायटिस असू शकतो, त्याचा इलाज वेगळा, केटोकोनाझोल (बुरशीचं औषध) असलेला शाम्पू वगैरे, तो डॉक्टरांना विचारून.

झोपायच्या आधी घाईत लावणं आणि जास्त लावणं

रात्री अकराला लावलं, सव्वा अकराला आडवे. ओलं सोल्युशन उशीच्या अभ्र्यावर, अभ्र्यावरून गालावर. रात्रभर चेहरा त्यातच. म्हणूनच झोपण्याच्या 2 ते 4 तास आधी लावा असं सांगतात. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुतले की लावून टाका, जेवणं होईपर्यंत सुकतं. तरी ज्यांना गालावर त्रास आहे त्यांनी अभ्रा दर एक-दोन दिवसांनी बदला.

नेहमीचा डोस एका वेळी 1 मिली, जास्त लावून केस जास्त येत नाहीत, जास्तीचं फक्त कपाळावरून खाली ओघळतं. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी डबल लावायची पण गरज नाही. पुढच्या हेअरलाइनला लावताना मान खाली घालून आरशात बघायची सवय असते आणि थेंब सरळ भुवईत जातो, त्यापेक्षा मान थोडी मागे ठेवा, भांग पाडा, ड्रॉपर टाळूला टेकवून थेंब थेंब सोडा आणि बोटाने पसरवा. स्प्रेने पुढच्या भागात मारू नका, तुषार कपाळावर आणि डोळ्यांपर्यंत जातात. ज्यांचं कपाळ लगेच लाल होतं त्यांनी हेअरलाइनच्या खाली, कपाळावर पेट्रोलियम जेलीची बारीक रेघ ओढून घ्यावी, हेअर डाय लावताना पार्लरमध्ये करतात तशीच. मग हात साबणाने धुवा, नुसतं टॉवेलला पुसू नका कारण त्याच टॉवेलने सकाळी तोंड पुसणार आहात.

लावून लगेच हेल्मेट घालून निघणं हा अजून एक प्रकार. मुंबई-कोकणातला घाम, आत हेल्मेटचा फोम कपाळाला घासतोय आणि सोल्युशन अजून ओलं. सकाळचा डोस निघायच्या आधी नीट सुकेल असा बसवा, नाहीच जमत तर डॉक्टरांशी बोलून दिवसातून एकदाच लावायचं ठरवा.

वरून तेल चोपडणं

आपल्याकडे केसांचा प्रश्न आला की तेल आलंच, आणि आई-आजी प्रेमाने चंपी करून देतात त्याला नाही म्हणवत नाही. पण मिनॉक्सिडिलवर तेल लावलं की दोन्ही मिळून कपाळावर उतरतं, शिवाय तेलाने हेअरलाइनपाशी पुरळ येतंच, मग दोष कोणाचा तेच कळत नाही. तेल लावायचंच असेल तर धुवायच्या आधी तासभर, केसांच्या लांबीला, आणि मिनॉक्सिडिल कोरड्या स्वच्छ टाळूवर. कांद्याचा रस, रोझमेरी ऑइल यांच्या बाबतीत "नैसर्गिक आहे" म्हणून निर्धास्त राहू नका, दोन्हीने त्वचा भाजल्यासारखी लाल होऊ शकते, आणि आधीच चिडलेल्या टाळूवर तर नक्कीच नको.

डर्मा रोलर (बारीक सुयांचा रोलर) केल्या केल्या त्याच दिवशी मिनॉक्सिडिल लावू नका. त्वचेला बारीक छिद्रं पडलेली असतात आणि औषध रक्तात जास्त जातं. एरवी टाळूला लावलेल्यापैकी साधारण 1.4% च आत शोषलं जातं, म्हणूनच ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे. ओरखडे, जखम, उन्हाने भाजलेली त्वचा, सगळ्याला हाच नियम. चेहऱ्याला ट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉल (मुरुम-सुरकुत्यांसाठीची क्रीम) लावत असाल तर त्यावर मिनॉक्सिडिल ओघळू देऊ नका, आणि चेहरा लाल आहे तोवर रेटिनॉल, ॲसिडवाले सीरम, स्क्रब सगळं बंद ठेवा.

मेडिकलमधून "लाली घालवायची क्रीम" आणून लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. चेहऱ्यावर खाज आली की शेजारचे कोणीतरी ट्यूब सुचवतात, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो, दोन दिवसांत लाली गायब आणि सगळे खुश. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं. चेहऱ्यावर ते आठवड्यांमागून आठवडे लावलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, आणि बंद केलं की चेहरा आधीपेक्षा जास्त पेटतो, मग माणूस परत तेच लावतो. स्किनचे डॉक्टर वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतायत याबद्दल. डॉक्टर कधी कधी स्वतः सौम्य स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी देतात, ती वेगळी गोष्ट, किती दिवस आणि कुठे ते त्यांनी ठरवलेलं असतं.

घरी करण्यासारखं तेवढंच करा: मिनॉक्सिडिल थांबवा, कोमट-गार पाण्याने चेहरा धुवा, बिनवासाचा साधा मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा, बाहेर जाताना सनस्क्रीन. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा, हळदीचा जाड लेप, यातलं काही नको. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर लाली गेली की तिथे काळपट डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात, त्यामुळे खाजवणं आणि चोळणं जितकं टाळाल तितकं बरं. फक्त पापण्या सुजल्या असतील किंवा पाणी सुटत असेल तर घरी बसू नका.

चेहऱ्यावरची लव बघून घाबरणं, किंवा लपवत बसणं

हे बायकांना जास्त होतं आणि त्या कोणाला सांगत नाहीत. कपाळाच्या कडेला, कानशिलावर, गालावर बारीक लव वाढते, 5% वापरणाऱ्यांत जास्त, आणि मिनॉक्सिडिलची गोळी घेणाऱ्यांत तर अजून जास्त दिसते. म्हणजे हार्मोन बिघडले असं नाही, मिनॉक्सिडिल केस वाढवतं आणि ते जिथे पोचेल तिथे वाढवतं. मुळात ते ब्लड प्रेशरची गोळी म्हणून 1979 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले, त्यावरून टाळूला लावायचं औषध निघालं. औषध थांबवलं की ही लव साधारण काही महिन्यांत जाते. थांबवायचं नसेल तर डॉक्टरांना विचारून टक्केवारी कमी करता येते, किंवा थ्रेडिंग करा, काही बिघडत नाही (त्वचा लाल असताना मात्र नको). महागडं लेझर मिनॉक्सिडिल चालू असतानाच करून घेणं मला पटत नाही, आधी लावायची पद्धत सुधारून बघा. पण लव जाड काळी असेल, हनुवटीवर असेल आणि पाळीही अनियमित असेल तर पीसीओएसची (बायकांमधला हार्मोनचा एक त्रास) तपासणी करून घ्या, सगळं औषधावर ढकलू नका.

दाढी यावी म्हणून गालांवर लावणारी मुलं पण खूप आहेत. हे औषध टाळूसाठी मंजूर आहे, चेहऱ्याची त्वचा पातळ, तिथे कोरडेपणा आणि शोषण दोन्ही वाढतं. ज्यांना करायचंच आहे त्यांनी निदान डॉक्टरांना सांगून करा.

सूज आणि धडधड याकडे दुर्लक्ष

चेहरा, हात किंवा पाय सुजले, अचानक वजन वाढलं, छातीत दुखलं, धडधड, चक्कर, तर त्याच क्षणी बंद आणि डॉक्टरकडे. हे कमी जणांना होतं, पण झालं तर ते त्वचेपुरतं उरलेलं नसतं. श्वास घ्यायला त्रास किंवा ओठ-जीभ सुजली तर थेट इमर्जन्सी. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मिनॉक्सिडिल वापरूच नये. बाटलीवर फिनास्टेराइड (केसगळतीचं दुसरं औषध) पण लिहिलेलं असेल तर गरोदर बाईने त्याला हातही लावू नये.

घरात तान्हं बाळ असेल तर लावलेलं डोकं बाळाच्या तोंडाला, हाताला लागू देऊ नका, युरोपात वडिलांच्या मिनॉक्सिडिलमुळे बाळांच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी झाल्यात. मांजर असेल तर अजून जपा, मांजरीला ते चाटण्याइतकं सुद्धा जीवघेणं ठरू शकतं.

परत सुरू करताना सगळं एकदम बदलणं

इरिटेशनच होतं आणि त्वचा पूर्ण शांत झाली की मगच, दिवसातून एकदा, थोड्या भागात. फोम, शाम्पू, फेसवॉश एकाच आठवड्यात बदललात तर कशामुळे बरं वाटलं ते कधीच कळणार नाही. पुढे कायमचं बंद करायचं ठरलं तर मिनॉक्सिडिलने आलेले केस तीन-चार महिन्यांत गळतात हे आधीच माहीत असू द्या. डॉक्टरकडे जाताना बाटली आणि खोकं दोन्ही सोबत न्या, किती मिली, किती वाजता, सोबत काय काय लावता ते सांगा, आणि लाली असतानाचे फोटो काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी चेहरा नेमका साफ असतो.