पडीक रान पुन्हा पिकाखाली आणताना या चुका टाळा

रान पडीक का पडलं, हे न पाहता बियाणं आणणं ही पहिली चूक. मजुरांअभावी सोडलेल्या रानात दिवसाआड तोडणीची भाजी लावली, तर दोन हंगामांत तिथे पुन्हा गवत माजतं. अशा जागी एकदा पेरून एकदाच काढायचं पीक घ्या: ज्वारी, तीळ, तूर. मात्र पाणी साचणाऱ्या रानात तूर नको, तिची मुळं गुदमरतात. आधी निचऱ्याचे चर काढा.

माती न तपासता जिप्सम (जमीन सुधारण्यासाठी टाकायचं खनिज) टाकणं हा निव्वळ खर्च. ८-१० ठिकाणी २० सेंमी खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घेऊन माती काढा, एकत्र करून त्यातली अर्धा किलो माती प्रयोगशाळेत तपासायला द्या. झाडाखालची, बांधालगतची माती घेऊ नका. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, जास्त निघाला, तरच जिप्समचा उपयोग. नुसती क्षारता वाढलेली असेल तर गोड्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढावे लागतात. क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरला (हे क्षारता मोजायचं एकक) पोचली की घेवड्याचं निम्म्याहून अधिक उत्पादन जातं. सातू ८ पर्यंत तग धरतो. पीक बदलायचं ते इथे.

सर्वांत महागात पडतो तो रोटाव्हेटर. हराळी-लव्हाळ्याच्या रानात तो फिरवला की काशांचे (जमिनीखालच्या खोडांचे) तुकडे होतात आणि तुकड्यातुकड्याला फूट येते. रान आठवड्यात हिरवं दिसतं, ते पीक नसतं! भर उन्हाळ्यात खोल नांगरट करा, ढेकळं तापू द्या, मग कुळवून काशा वेचून बाहेर काढा. लव्हाळ्याच्या गाठी एका उन्हाळ्यात संपत नाहीत. पहिल्या वर्षी दाट, झटपट सावली धरणारा ताग किंवा धैंचा पेरा आणि साधारण ४५ दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास गाडा.

रोपं उगवली, पण पिवळी पडली? वाळलेलं गवत गाडून लगेच पेरलं असेल. ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी स्वतः वापरतात. गाडल्यावर ओल टिकवून ३-४ आठवडे थांबा.

डाळवर्गीय पिकाला त्याच्याच गटाचं रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र देणारे जिवाणू) लागतं, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, आणि बियाणं सावलीत सुकवा. महिन्याभराने रोप अलगद उपटून मुळावरची गाठ चिरा: आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे.