विंडोज सर्व्हर 2019 डेस्कटॉप म्हणून: वायफाय दिसतच नव्हतं, ते असं सुरू झालं

विंडोज सर्व्हर 2019 (सर्व्हरसाठीचं विंडोज) रोजच्या डेस्कटॉपसारखं वापरत होतो. वायफाय कार्डचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड नीट दिसतंय, अडचण दाखवणारं पिवळं चिन्ह नाही, तरी नेटवर्कच्या यादीत एकही वायफाय नाही. ड्रायव्हर काढून परत टाकला, जुनं व्हर्जनही बघितलं, डोकं उठलं नुसतं. कारण सर्व्हरमध्ये वायरलेसचं फीचर आधीपासून इन्स्टॉलच नसतं. सर्व्हर मॅनेजर उघडा, वर उजवीकडे मॅनेज, त्यात अ‍ॅड रोल्स अँड फीचर्स, रोल्समध्ये काही न निवडता पुढे जा, फीचर्सच्या यादीत पार खाली वायरलेस लॅन सर्व्हिसला टिक, इन्स्टॉल, मग रीस्टार्ट, तो टाळू नका. तरी नाही दिसलं तर विंडोजच्या सर्व्हिसेस या खिडकीत डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिगचा (वायफाय सांभाळणारी सर्व्हिस) स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करून स्टार्ट दाबा. आवाज येत नसेल तर तिथंच विंडोज ऑडिओलाही हेच करायचं.