वैद्यकीय इंग्रजीतील शब्दजोड्या: या चुका टाळा

शोधनिबंध परत येतो तेव्हा परीक्षकाचा शेरा पुष्कळदा ‘भाषा सुधारावी’ एवढाच असतो, आणि लेखक काळ व वचने तपासत बसतो. व्याकरण बहुधा ठीकच असते. बिघडलेली असते ती शब्दांची जोडी. नाम अचूक असते, पण त्याच्याबरोबर आलेले क्रियापद, विशेषण किंवा प्रिपोझिशन इंग्रजीत त्या नामाला चालत नाही. स्पेलचेकला हे कळत नाही, कारण सुटा प्रत्येक शब्द बरोबरच असतो.

काही जोड्या सरळ पाठ कराव्यात. वेदना ‘स्ट्राँग’ नव्हे, ‘सिव्हिअर’ असते. फ्रॅक्चर ‘सस्टेन’ होते, न्यूमोनिया ‘डेव्हलप’ होतो. शस्त्रक्रिया सर्जन ‘परफॉर्म’ करतो आणि रुग्ण ‘अंडरगो’ करतो. रुग्णालयात दाखल करण्यासाठी ‘ॲडमिटेड इन’ऐवजी ‘ॲडमिटेड टू’ लिहावे. ‘ऑपरेटेड ऑन द पेशंट’मधला ‘ऑन’ गाळला, तर रुग्ण यंत्रासारखा ‘चालवला’ जातो.

या चुकांनी हसू होते, पण अर्थ सहसा कळतो. खरा धोका त्या जोड्यांचा, ज्या ऐकायला बरोबर वाटतात आणि निष्कर्षच बदलतात. ‘अक्यूट’ हे विशेषण तीव्रतेचे नाही, अचानक सुरुवातीचे व अल्प कालावधीचे आहे. त्यामुळे ‘अक्यूट पेन’ सौम्यही असू शकते.

‘इन्सिडन्स’ आणि ‘प्रिव्हलन्स’ यांची गल्लत याहून महागात पडते. समजा, 1000 जणांच्या तपासणीत 80 जणांना मधुमेह आढळला. हा 8 टक्के ‘प्रिव्हलन्स’ झाला. उरलेल्या 920 जणांवर वर्षभर लक्ष ठेवल्यावर त्यांपैकी 10 जणांना नव्याने मधुमेह झाला, तर तो ‘इन्सिडन्स’. म्हणून एकदाच केलेल्या पाहणीवरून ‘हाय इन्सिडन्स’ लिहिणे ही केवळ भाषेची नव्हे, पद्धतीचीही चूक ठरते.

‘सिग्निफिकंट रिडक्शन’ ही जोडी तर फार सैल हाताने वापरली जाते. मोठ्या नमुन्यात सिस्टोलिक (वरचा) रक्तदाब सरासरी 1 मिलिमीटर उतरला, तरी पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.05 या रूढ मर्यादेच्या खाली येऊ शकते; रुग्णाला मात्र त्याचा फारसा उपयोग नसतो. तेव्हा ‘स्टॅटिस्टिकली’ म्हणायचे आहे की ‘क्लिनिकली’, हे स्पष्ट लिहावे. तसेच निव्वळ निरीक्षणात्मक अभ्यासात, म्हणजे संशोधक स्वतः उपचार न ठरवता फक्त नोंदी घेतो तिथे, ‘असोसिएटेड विथ’वर थांबावे, ‘कॉज्ड बाय’ किंवा ‘लेड टू’ लिहिण्याचा अधिकार तो अभ्यास सहसा देत नाही.

‘द पेशंट फेल्ड ट्रीटमेंट’ ही जोडी दवाखान्यात रुळलेली असली तरी मला ती अन्यायकारक वाटते, कारण अपयश उपचाराचे असते, रुग्णाचे नाही. ‘केस’चे वर्णन करावे आणि उपचार ‘पेशंट’वर करावेत, हा भेद अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शैलीपुस्तिकेतही केलेला आहे.

शंका आली की दोन्ही पर्याय अवतरणचिन्हांत घालून पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, शोधावेत. कोणता अधिक रुळलेला आहे, हे लगेच दिसते. मात्र आकडा मोठा आहे म्हणून अर्थ जुळतोच असे नाही. ‘हाय इन्सिडन्स’ही तिथे हजारो वेळा सापडेल, म्हणून दोन-तीन सारांश उघडून त्या अभ्यासांची रचना आपल्या अभ्यासासारखी आहे का, हे पाहावे.