मोटार अपघाताचा दावा: वकील कसा शोधावा आणि कोणत्या अटींवर नेमावा

अपघातग्रस्त अजून दवाखान्यात असतो आणि कुणीतरी कोरे वकीलपत्र घेऊन खाटेपाशी येतो. "आत्ता एक रुपया नको, भरपाई मिळाली की टक्केवारी द्या." इथे सही करू नका. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाने दलालामार्फत किंवा स्वतः जाऊन पक्षकार मिळवणे निषिद्ध आहे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा भरपाईत वाटा घेणेही निषिद्ध आहे. म्हणजे टक्केवारीची बोली लावणारा माणूस पहिल्याच भेटीत आपल्या व्यवसायाचा नियम मोडतो. शिवाय मधला दलाल वकील नसतोच, त्यामुळे पुढे काही बिघडले तर त्याची तक्रार बार कौन्सिलकडेही करता येत नाही.

घाईने सही नको, पण रेंगाळूनही चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करावा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर मुदत जाऊ देऊ नका. पहिल्या महिन्यात वकील ठरला तर पुरावा ताजा असताना हाती येतो. साक्षीदारांचे पत्ते, सीसीटीव्हीचे चित्रण आणि वाहनाचे फोटो सहा महिन्यांनी शोधायला निघालात तर फारसे काही सापडत नाही.

दावा कुठे दाखल करायचा, याची निवड तुमची आहे. अपघात जिथे झाला तिथले, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथले, किंवा प्रतिवादी राहतो तिथले मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चालते. पुणे-सोलापूर महामार्गावर अपघात झाला आणि घर लातूरला असेल तर लातूरचाच वकील बघा. जखमी माणसाला साक्षीसाठी दूरच्या तारखेला नेणे फार जिकिरीचे असते.

आता वकील शोधण्याचे. जिल्हा न्यायालयात जा आणि त्या दिवशी अपघात दाव्यांचे बोर्ड (सुनावणीची यादी) कोणत्या कोर्टात आहे ते विचारून तिथे तासभर बसा. कोण स्वतः उलटतपासणी घेतो आणि कोण फक्त पुढची तारीख मागतो, हे डोळ्यांनी दिसते. दोन-तीन नावे टिपली की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून वकिलाच्या नावाने शोधा. निकाली निघालेले अपघात दावे उघडा आणि ते वादींच्या बाजूने लढवलेले होते की विमा कंपनीच्या, ते पाहा. तुमच्या दाव्यात जी विमा कंपनी समोर असेल, तिच्याच पॅनेलवर (तिने नेमलेल्या वकिलांच्या यादीत) तो वकील असेल तर दुसरा शोधा. सनद (वकिलीच्या परवान्याचा) क्रमांक मागायला संकोच करू नका. महाराष्ट्रात तो बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा देते.

पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जखमेचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिले, वयाचा दाखला, पगारपत्रके किंवा आयकर विवरणपत्रे आणि समोरच्या वाहनाचा नंबर एका फाइलमध्ये घ्या. मृत्यू झाला असेल तर मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांची कागदपत्रेही लागतात. मोटार वाहन कायद्याखालच्या २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तो गेला का, त्यात विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना आहे का, याचा पाठपुरावा वकील कसा करणार हे त्याला विचारा.

"किती मिळतील?" हा प्रश्न सगळे विचारतात. त्यावर लगेच आकडा सांगणाऱ्यापेक्षा तुमचे उत्पन्न, वय आणि कामाचे स्वरूप विचारणारा वकील बरा, कारण हिशेब त्यावरच उभा असतो. समजा ३२ वर्षांचा सुतार महिन्याला १५,००० रुपये कमावतो. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरले की २,५२,००० होतात. त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयासाठी गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ आहे. गुणाकार ४०,३२,०००. त्याच्या उत्पन्नक्षमतेतील घट ३० टक्के मानली तर या सदरात १२,०९,६०० मिळतील. ६० टक्के मानली तर २४,१९,२००. उपचारखर्च, वेदना आणि बुडालेली मजुरी वेगळी.

म्हणून सगळ्यात कसून विचारायचा प्रश्न हा: अपंगत्व सिद्ध कसे करणार? डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरचा टक्का बहुधा त्या अवयवाच्या अपंगत्वाचा असतो. कमाईची घट किती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालानुसार माणसाच्या कामाकडे पाहून ठरवायचे असते. एका हाताची पकड गेलेला कारकून कदाचित नोकरीत राहील, सुतार राहणार नाही. हे पटवायला डॉक्टरांची साक्ष आणि कामाचा पुरावा लागतो. नुसते प्रमाणपत्र फाइलला लावून सोडले की विमा कंपनी त्यावर हरकत घेते, टक्का खाली येतो आणि लाखोंचा फरक पडतो. डॉक्टरांना साक्षीला आणण्याची तयारी नसलेल्या वकिलाकडे गंभीर दुखापतीचा दावा देऊ नये. उत्पन्नाचेही तसेच. हातावरच्या कामाची पावती नसते, पण मालकाची साक्ष, बँकेतल्या जमा आणि मजुरीची नोंदवही चालते.

फी ठरवताना ती ठरावीक रकमेत आणि टप्प्यांत बांधून घ्या: काही दाखल करताना, काही पुराव्याच्या वेळी, काही युक्तिवादाच्या वेळी. कोर्ट फी, नोटरी, टायपिंग आणि डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च आत धरला आहे की वेगळा, हे लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा. तारखांना स्वतः येणार की कनिष्ठ, हेही आधीच विचारा.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. नवरा गमावलेल्या कित्येक बायका हे माहीत नसल्याने टक्केवारीच्या जाळ्यात सापडतात, याची फार खंत वाटते.

वकीलपत्रावर सही करताना त्यात पक्षकारांची नावे आणि न्यायाधिकरणाचे नाव भरलेले असावे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर किंवा पैसे स्वीकारण्याच्या कुलमुखत्यारपत्रावर सही नको. मूळ कागद देताना यादी करून पोच घ्या आणि सगळ्याच्या छायाप्रती घरी ठेवा. दाव्यात बँक तपशील तुमच्याच खात्याचे आहेत, हे सही करण्याआधी वाचून बघा.

दावा दाखल झाला की त्याचा क्रमांक घ्या आणि पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतः पाहत जा. विमा कंपनीचा तपासनीस घरी आला तर वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका. लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला तर वकिलाकडून त्या रकमेचा वरच्यासारखा हिशेब कागदावर मागा. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वकील दाद देत नसेल तर तो बदलता येतो. आधीच्याची ना हरकत घ्यायची आणि नवे वकीलपत्र दाखल करायचे. हे पुरावा सुरू होण्याआधी केलेले बरे, कारण एकदा सरतपासणीचे प्रतिज्ञापत्र (तुमची लेखी साक्ष) गेले की त्यातल्या चुका नव्या वकिलालाही निस्तरणे कठीण जाते.

निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका. रक्कम कमी वाटली तर उच्च न्यायालयात अपिलासाठी ९० दिवस असतात, आणि अपिलासाठी नवा वकील बघायचा असेल तर तो ती प्रत वाचल्याशिवाय काही सांगू शकणार नाही.