कोंबडीची पिल्लं वाढत नाहीत? खाद्यातल्या अमिनो ॲसिडच्या या चुका टाळा

बॅगवर प्रोटीन 22 टक्के लिहिलंय म्हणजे झालं, असं धरून चालणं हीच सगळ्यात मोठी चूक. पिल्लाला लागतात ती प्रोटीनमधली अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीन ज्यांपासून बनतं ते घटक, आणि त्यातलं एक जरी कमी पडलं की वाढ तिथेच अडते, बाकीची कितीही असू देत. उरलेल्यांचं शरीर युरिक ॲसिड करून बाहेर टाकतं, त्यासाठी पिल्लू पाणी जास्त पितं, लिटर (खाली अंथरलेला भुसा) ओलं होतं, अमोनियाचा वास सुटतो. म्हणून वजन कमी दिसलं की लगेच पेंड वाढवू नका.

मका-सोयाच्या खाद्यात आधी मिथिओनिन हे अमिनो ॲसिड कमी पडतं, मग लायसिन, मग थ्रिओनिन. मिथिओनिन पिसांसाठी फार लागतं, त्यामुळे पिसं उशिरा आणि विस्कटलेली येत असतील, पिल्लं एकमेकांची पिसं ओढत असतील तर आधी ब्रूडरचं (पिल्लांना ऊब देणाऱ्या जागेचं) तापमान, गर्दी, पाणी बघा आणि ते ठीक असेल तर संशय मिथिओनिनवर घ्या.

आता सगळीकडे होणारी गोष्ट, स्टार्टर (पहिल्या आठवड्यांचं तयार खाद्य) महाग पडतं म्हणून त्यात मका भरडा मिसळणे. हिशोब करून बघा ना, 75 किलो 23 टक्केवाल्या खाद्यात 25 किलो मका टाकला की प्रोटीन येतं साधारण 19 वर, आणि मक्यात लायसिन अगदीच कमी, पाव टक्क्याच्या आसपास, त्यामुळे लायसिनही घसरतं आणि व्हिटॅमिन-मिनरलही पातळ होतात, तेही नेमक्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. कृपया हे करू नका.

सोयाच्या जागी शेंगदाणा पेंड घातली तर प्रोटीनचा आकडा जुळतो पण लायसिन आणि मिथिओनिन दोन्ही घटतात. सोया पेंड जास्त भाजलेली, तपकिरी असेल तर लायसिन साखरेशी बांधलं जातं आणि पचत नाही, आणि कच्ची राहिली तर ट्रिप्सिन (प्रोटीन पचवणारं एन्झाइम) अडवणारे घटक शिल्लक राहतात, म्हणजे दोन्हीकडून मार.

अमिनो ॲसिडची पावडर वरून घालणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा. लायसिन एचसीएल या पावडरमध्ये खरं लायसिन साधारण 78 टक्केच असतं, म्हणजे 1 किलो लायसिनसाठी जवळपास 1.28 किलो पावडर. आणि अंदाजाने जास्त टाकू नका, लायसिन फार झालं की आर्जिनिन या दुसऱ्या अमिनो ॲसिडची गरज वाढते, आणि कोंबडीचं शरीर आर्जिनिन स्वतः बनवू शकत नाही. टनाला दोन-तीन किलो पावडर थेट ओतली तर नीट पसरत नाही, एकाच बॅचमध्ये लहानमोठी पिल्लं दिसण्याचं हेही एक कारण असतं, आधी थोड्या भरड्यात मिसळा मग मोठ्या ढिगात.

वजन सातव्या दिवशी कराच. ब्रॉयलर पिल्लू पहिल्या दिवसाच्या चौपट तरी भरायला हवं.