मास्टर सिलिंडरची गळती : या चुका टाळा

सोलापुरात जुन्या मारुती ८००, सुमो आणि कमांडर अजूनही रोज धावतात, आणि त्यांपैकी कित्येकींच्या डिकीत ब्रेक ऑइलची अर्धी बाटली कायमची पडलेली असते. ती बाटली हीच पहिली चूक होय. ब्रेक पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी हळूहळू थोडी खाली येते, हे स्वाभाविक आहे. परंतु दर पंधरवड्याला ऑइल भरावे लागत असेल, तर ते कोठे जाते हे शोधल्याशिवाय पुन्हा भरू नये.

चारही चाके आणि पाइप कोरडे दिसले, म्हणजे गळती नाही असे समजणे ही दुसरी आणि अधिक फसवी चूक. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे मागील सील गेले, की ऑइल जमिनीवर न पडता त्यामागच्या, पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये साचते, आणि पेट्रोल गाडीत तेथून इंजिनात ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूरही येऊ शकतो. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून, बूस्टरवरील दोन नट सोडवावेत आणि पाइपांना ताण न देता सिलिंडर किंचित पुढे घ्यावा. मागची बाजू ओली असेल, तर दोष सापडला. याउलट पातळी कायम असूनही दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर ऑइल आतल्या आत पिस्टनवरील रबरी सीलच्या, म्हणजे कपच्या, कडेने निसटते आहे.

‘ब्रेक ऑइल’ या नावानेही बराच घोटाळा केला आहे. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ अशी प्रत लिहिलेले हे द्रव ग्लायकोल जातीचे असून ते तेल नव्हेतच. त्यामुळे सुटे भाग पेट्रोल किंवा डिझेलने धुतले, अथवा सीलला ग्रीस लावले, तर रबर फुगते आणि नवे किटही, म्हणजे सीलचा नवा संचही, निकामी होते. धुण्यासाठी व बसवण्यासाठी ताजे ब्रेक ऑइलच वापरावे. बाटली उघडी ठेवली, तर ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, आणि ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास उतरू शकतो. तुळजापूरचा घाट उतरताना तापलेल्या ब्रेकांना हा फरक जाणवतो.

नुसते किट बदलणे स्वस्त पडते, हे खरे. मात्र सिलिंडरच्या आत नखाला लागेल असा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल, तर पॉलिश पेपर घासत बसू नये, पूर्ण सिलिंडरच बदलावा.

नवा सिलिंडर कोरडाच बसवून पेडल मारत सुटल्यास आत अडकलेली हवा निघता निघत नाही. आधी तो बाकावरच्या शिकंज्यात आडवा धरून, ऑइल भरून, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबावा. पाइपांचे नट साध्या पान्याने गोल होतात, तेव्हा नटाला जवळजवळ चहूबाजूंनी पकडणारा फ्लेअर नट पाना वापरावा. पुढे चाकांपाशी ब्रेकच्या पाइपांतील हवा (एअर) काढताना जुन्या सिलिंडरचे पेडल तळापर्यंत नेऊ नये, कारण एरवी न वापरलेल्या गंजक्या भागावरून सीलची कड फाटते. रंगावर सांडलेले ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

काम झाल्यावर सिलिंडर आणि बूस्टरच्या सांध्याखाली कोरडा कागद लावून गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी तो कोरडा निघाला आणि पेडल कडक राहिले, की आधी मोकळ्या मैदानात संथ वेगाने ब्रेक मारून पाहावा आणि मगच गाडी होटगी रोडच्या रहदारीत काढावी.