मृगाआधी जिरेनियमचा मांडव उभा करा

जिरेनियम, म्हणजे पानांतल्या सुगंधी तेलासाठी लावतात ते पीक, आपल्याकडे बी धरत नाही. लागवड होते ती छाट कलमांवर, आणि कलमे मिळतात ती पावसाळ्यातून जगलेल्या झाडांपासूनच. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास शेतात काय लागणार, हे रोहिणी नक्षत्रातच ठरून जाते. झाडे गेली की पुन्हा रोपे विकत घ्यायची, आणि या पिकाच्या एकरी खर्चात रोपांचा आकडा फार मोठा असतो. दरवर्षी तो खर्च करून शेतकरी दमतो आणि चांगले पीक सोडून देतो. हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून वेळेआधीच लिहितो आहे.

युरोपात हिवाळा तोंडावर आला की लोक शोभेच्या जिरेनियमच्या कुंड्या घरात घेतात, पाणी तोडतात आणि थंडी ओसरल्यावर पुन्हा बाहेर काढतात. आपल्या तेलाच्या जिरेनियमला थंडी मानवते. त्याला मारतो तो पाऊस. लखनौच्या सिमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनेही मातृरोपे, म्हणजे ज्यांच्यापासून कलमे घ्यायची ती झाडे, पावसाळ्यात प्लास्टिकच्या साध्या छताखाली सांभाळण्याचीच पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली आहे.

मर, म्हणजे झाड एकाएकी वाळून जाण्याचा रोग, कशी लागते ते नीट समजून घ्या. झड चालू असेपर्यंत झाड हिरवेगार दिसते. उघडीप पडते, दुपारी ऊन तापते आणि झाड मान टाकते. उपटून पाहिले तर बुंध्याची मान काळपट तपकिरी झालेली असते. मूळ चिमटीत धरून ओढले की वरची साल सुटून हातात येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. असे झाड कोणत्याही औषधाने परत येत नाही. फ्युजॅरियम, रायझोक्टोनिया या बुरशी जमिनीत असतातच. वाफसा मोडून पाणी मुळाशी उभे राहिले की त्यांचे फावते.

आता हिशेब. 4 फूट बाय दीड फुटावर एकरी 7,260 झाडे बसतात. कलमे करताना काही वाळणार हे धरून कलमांच्या 10,000 काड्या हाताशी हव्यात. वाढलेल्या, तगड्या झाडापासून वीसेक काड्या सहज निघतात, म्हणजे 500 झाडे पुरतात. शंभर जादा धरा. 600 झाडांना 3,600 चौरस फूट, म्हणजे सव्वातीन गुंठे जागा लागते. सगळा एकर वाचवायच्या नादात न पडता एवढे सव्वातीन गुंठे जिवापाड जपा.

तुकडा निवडताना शेतातला उंचवट्याचा, मुरमाड भाग घ्या. जिथे एखाददुसरे झाड आधीच वाळले आहे, त्याच्या आसपासचा भाग सोडा. दोन-तीन झाडे उकरून मुळे बघा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे) आहे, तो तुकडा मातृरोपांसाठी नको. मे महिन्यात मोठी झाडे खणून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नका, उन्हात ती धरत नाहीत. उभ्या झाडांवरच मांडव घाला. फेब्रुवारीत कलमे करून ज्यांनी पिशव्या भरल्या आहेत, त्यांचे काम सोपे: उंच जागी मांडव, आणि पिशव्यांमध्ये हात फिरेल एवढे अंतर.

मांडव बांबूचाच पुरे. उंची मधे 7 फूट, कडेला 5 फूट, वर 200 मायक्रॉनचा यूव्ही (उन्हात टिकणारा प्लास्टिकचा) कागद असा ताणून बांधा की पाण्याची पखाल साचणार नाही. कागद कडेला दोन फूट बाहेर काढा आणि त्याच्या थेंबाखाली दीड फूट खोल चर घेऊन तो उताराला मोकळा करा. बाजू मात्र उघड्या ठेवा. एका वर्षी तिरप्या पावसाच्या धास्तीने मी चारही बाजू कागदाने बंद केल्या. आठ दिवस झड लागली. आत शिरलो तेव्हा कागदाला आतून घाम सुटलेला आणि पानांवर राखाडी बुरशीची लव होती. निम्म्याहून जास्त झाडे गेली. त्यानंतर पश्चिमेला फक्त शेडनेट लावतो, बाकी सगळे वाऱ्याला मोकळे.

शेवटची कापणी 20 मेच्या आत उरका. जमिनीपासून वीतभर ठेवून कापा आणि प्रत्येक झाडाला पाने असलेल्या एक-दोन फांद्या राखा. पावसात कापलेल्या खोडाच्या तोंडातून कूज थेट खाली उतरते, म्हणून त्यानंतर विळा लावायचाच नाही. कापणीनंतर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्र बुरशी) 1 किलो, 100 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत आठवडाभर ओलसर झाकून ठेवा आणि मग झाडामागे ओंजळभर द्या. त्याच पंधरवड्यात तांबे असलेले बुरशीनाशक आळवणीला (मुळाशी ओतायला) वापरू नका, नाहीतर ट्रायकोडर्माही मरेल.

बाहेर धो धो पाऊस असला तरी मांडवाखाली माती कोरडी पडते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. बोटाची दोन पेरे माती कोरडी लागली तरच सकाळी ठिबक थोडा वेळ सोडा. युरिया अजिबात नको. पिवळी पाने रोज वेचून मांडवाबाहेर पुरा.

माण, आटपाडी, जत, सांगोला या कमी पावसाच्या भागात उताराच्या मुरमाड रानात उघड्यावरचीही बरीच झाडे तगतात. तिथे सऱ्यांची तोंडे मोकळी ठेवली तरी पुष्कळ साधते. काळ्या रानात त्या भरवशावर राहू नका. आणि भर पावसात कोणी स्वस्तात रोपे देऊ केली तर घेऊ नका, मर त्यांच्याबरोबरच शेतात येते.

पाऊस हटला की कागद एकदम काढू नका, ऑक्टोबरचे ऊन कोवळ्या पानांना भाजते. आधी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ उघडा, मग पूर्ण काढा. झाडे नव्या फुटीने भरली की 4-5 इंचांची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या. शेंडा फार लुसलुशीत नको आणि खोड लाकडी झालेले नको. नखाने दाबल्यावर किंचित खूण उमटेल अशी काडी धरते. काप डोळ्याच्या खाली घ्या, खालची पाने काढा आणि त्याच दिवशी कोकोपीट-वाळूत, शेडनेटखाली लावून टाका.